हजेरी आणि काम: धुळ्यातल्या डब-प्रोबच्या प्रकल्प नोंदी

18 फेब्रुवारी 2025

नवी वही. जुनीवर चहा सांडला, ते बरंच झालं, तिच्यात सगळे ऑर्डरचे कागद होते.

सरांनी विषय पक्का केला: पेशीतले युबिक्विटिन काढून टाकणारे एन्झाइम. शास्त्रीय नावाचं लघुरूप डीयूबी, बोलताना सगळे 'डब' म्हणतात, मीही तेच लिहिणार. माणसात शंभराच्या आसपास आहेत. युबिक्विटिन म्हणजे 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. पेशी ते दुसऱ्या प्रथिनावर चिकटवते, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'हे मोडीत काढा' असा असतो, कधी 'हे तिकडे न्या' असा. ही यंत्रणा शोधणाऱ्या सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डब ही चिठ्ठी काढून टाकतो. म्हणजे फाशीच्या आदेशावर शेवटच्या क्षणी सही खोडणारा कारकून.

आता अडचण. कोणता डब पेशीत किती आहे हे अँटिबॉडी लावून कळतं. त्यातले कामावर किती आहेत, ते नाही कळत. मस्टरवर सही आहे, खुर्चीवर शर्ट टांगलेला आहे, माणूस पाचकंदीलला चहा पितोय, असा प्रकार एन्झाइमांतही चालतो. म्हणून प्रोब: जो फक्त काम करणाऱ्यालाच चिकटेल.

21 फेब्रुवारी

प्रोब कसा चालतो ते आप्पांना समजावलं, कारण लॅबमध्ये तेवढा एकच श्रोता होता. उंदराच्या सापळ्याला भजं लावतात ना, तसं. भजं म्हणजे युबिक्विटिन. डबला ते ओळखीचं, तो त्याची शेपटी आपल्या अरुंद खाचेत ओढून घेतो. खाचेच्या तळाशी सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल असतं, त्याचं गंधक तोडायचं काम करतं. आम्ही शेपटीचं शेवटचं अमिनो आम्ल, ग्लायसिन, काढून तिथे छोटा रासायनिक आकडा, म्हणजे हुक, बसवतो. गंधक त्यावर हल्ला करतं आणि कायमचं अडकतं. सिस्टीन मेलेलं असेल किंवा खाच वाकडी झाली असेल, तर अडकत नाही.

आप्पा म्हणाले, "मंग सापळामा उंदीर दिसस तसं दिसस का?" दिसतं. डबचं वजन युबिक्विटिनच्या वजनाएवढं वाढतं आणि प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणाऱ्या जेलमध्ये तो वर सरकतो.

सगळेच डब मात्र या सापळ्यात येत नाहीत. बहुतेक घराणी सिस्टीनवाली आहेत, पण एक घराणं जस्ताच्या जोरावर चालतं. त्यांच्याकडे गंधकाचा हात नाही, म्हणून ते भजं खाऊन निवांत निघून जातात.

27 फेब्रुवारी

आकडा कोणता घ्यायचा यावर सरांशी दोन दिवस वाद. 1987 मध्ये युबिक्विटिनच्या टोकाला अल्डिहाइड लावून डब अडवता येतात हे दाखवलं गेलं, पण ती पकड सुटते. 2001 मध्ये व्हिनिल सल्फोन आला, ती पकड पक्की. सरांना तोच हवा होता, त्यांनी तो वापरलाय. मी प्रोपार्जिलवर अडून बसले.

प्रोपार्जिलची गोष्ट मला फार आवडते. टोकाला अल्काइन म्हणजे तिहेरी बंध. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा गट पेशीत मुका बसतो, कोणाशी बोलत नाही, म्हणून तर लोक त्याचा उपयोग नंतर रंग जोडण्यासाठी हँडल म्हणून करत. 2013 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गटाला आणि जर्मनीतल्या दुसऱ्या एका गटाला स्वतंत्रपणे दिसलं, की युबिक्विटिनच्या टोकाला बसवला की हा मुका गट डबच्या सिस्टीनशी थेट जुळतो. नुसतं डीटीटी (सिस्टीनच्या गंधकाला हवेपासून जपणारं, स्वतःही गंधकवालं रसायन) ओतलं तर ढिम्म, डबच्या खाचेत गेला की लगेच बंध. जागा बदलली की माणूस बोलायला लागतो.

माझा मुद्दा साधा होता. आम्ही डीटीटी घातलेल्या अर्कात काम करणार. व्हिनिल सल्फोन हळूहळू डीटीटीशीच भिडत बसेल. सरांनी "बरं, कर" म्हटलं. त्यांच्या 'बरं' मध्ये किती अर्थ असतात ते आमच्या बॅचला माहीत आहे.

आज रात्री बॅक्टेरिया वाढवायला ठेवले. युबिक्विटिनची पहिली 75 अमिनो आम्लं, पुढच्या टोकाला एचए टॅग (अँटिबॉडीला ओळखता येणारी छोटी खूण), मागच्या टोकाला इंटीन (स्वतःला कापून सुटू शकणारं प्रथिन) आणि कायटिनला धरणारा तुकडा. इंटीनची घडी नीट बसायला 18 अंश पाहिजे. आमच्या शेकरला कूलिंग नाही. पण धुळ्याची फेब्रुवारीतली रात्र आहे. उत्तरेकडच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, शेकर खिडकीखाली सरकवला, थर्मामीटर टांगला. पहाटे चारला 17.

28 फेब्रुवारी

दोन लिटरमधून छान गोळा. दोन भाग करून उणे वीसला. खिडकीतून आलेलं एक पाखरू फ्लास्कच्या कापसावर मरून पडलं होतं, कापसाच्या आत गेलं नव्हतं.

11 एप्रिल

मार्च परीक्षा आणि पेपर तपासणीत गेला. आज पहिला अर्धा गोळा फोडून कायटिनच्या मण्यांवर चढवला. धुतला. आता मेस्ना. हे गंधकाचं संयुग इंटीनची गाठ सोडवतं आणि युबिक्विटिन टोकाला थायोएस्टर (गंधकामार्फतचा, सहज तुटणारा बंध) घेऊन बाहेर पडतं. तोच थायोएस्टर पुढे प्रोपार्जिलअमाइनला, म्हणजे आमच्या आकड्याला, जागा देतो.

पद्धतीत लिहिलंय: 37 अंशाला रात्रभर. धुळ्यात एप्रिलात यासाठी इनक्युबेटर लागत नाही. कॉलम टेबलावर ठेवला.

12 एप्रिल

निघालं. जेलमध्ये खाली एकच स्वच्छ पट्टी. उद्या रविवार, परवा आंबेडकर जयंती. थायोएस्टर पीएच 8 च्या बफरमध्ये डायलिसिसला (पातळ पिशवीत ठेवून भोवतालचा द्रव बदलायला) टाकून थंड कपाटात ठेवला. मंगळवारी अमाइन घालीन.

15 एप्रिल

थंड कपाटाचं दार उघडलं तर आतून गरम वाफ. रविवारी दुपारी आमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर गेला, लाईट आज सकाळी आली. आप्पा दारातच उभे: "लाईट गई तं मी काय करू?" खरंच, ते काय करणार.

चाळीस तास, पीएच 8, बाहेर 41 अंश. मनात शंका होती, पण टाकवत नव्हतं. प्रोपार्जिलअमाइन घातलं, चार तास ठेवलं, शुद्ध केलं, नमुना वस्तुमान मोजायला पुण्याला पाठवला. जेलवर तर सुरेख दिसतंय. अमाइन लागलं की नाही हा 37 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं एकक) फरक जेलला दिसत नाही, हे मला आज माहीत आहे आणि तरी बरं वाटतंय.

28 एप्रिल

रिपोर्ट आला. हवं होतं 9760. आलं 9723.

37 ने कमी. याचा एकच अर्थ: अमाइन लागलंच नाही, त्याच्या जागी पाणी लागलं. थायोएस्टर कपाटातच पाण्याने तुटला आणि मी साध्या, आकडा नसलेल्या युबिक्विटिनवर चार तास महागडं अमाइन ओतत बसले. भजं आहे, सापळ्याला स्प्रिंग नाही.

लाईटला शिव्या देऊन झाल्या. पण खरी चूक माझी. थायोएस्टर हाताशी आला की त्याला तीन दिवस बसवून ठेवायचाच कशाला? आणि तोही पीएच 8 ला? 6.5 ला ठेवला असता तर कदाचित तग धरला असता.

30 एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. घरी आले. लिंबाला झोका बांधलाय, बहिणी सासरहून आल्यात, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. आईने विचारलं "काय करतेस तिकडे?" म्हटलं प्रथिनाला आकडा लावते. "स्वेटर विणतेस का?" म्हणाली. नाही म्हणवलं नाही.

आबांच्या पपईच्या बागेत संध्याकाळी गेले. कच्च्या फळाला नख लागलं, पांढरा चीक हातावर ओघळला, आणि नेहमीसारखी खाज. त्या चिकात पपेन असतं, तोही सिस्टीनवाला एन्झाइम. मांस मऊ करायला पपई लावतात ते त्याच्यामुळेच. डोक्यात एक किडा शिरला. नंतर बघू.

7 मे

दुसरा अर्धा गोळा. या वेळी संध्याकाळी सातला मेस्नातून उतरवला आणि डायलिसिस न करता तिथल्या तिथे अमाइन. प्रोपार्जिलअमाइन आम्लारी असतं, नुसतं ओतलं तर पीएच वर उडी मारतो. म्हणून आधी वेगळ्या बाटलीत बर्फावर, फ्यूमहूडमध्ये, हायड्रोक्लोरिक आम्लाने 8 वर आणलं. त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू मोकळे असतात तो आकडा) 8 च्या आसपासच आहे, म्हणजे 8 ला जवळपास निम्मं अमाइन मोकळं असतं, तेवढं पुरतं. वास माशाचा आणि त्याहून वाईट. आप्पा व्हरांड्यात जाऊन बसले.

रात्री अकराला ॲसिटिक आम्लाने पीएच 4.5 वर आणलं. नळीत एकदम पांढरं नासलेल्या दुधासारखं झालं. पहिल्यांदा पाहणारा घाबरेल. पण नासतं ते इतर प्रथिनांचं. युबिक्विटिन आम्लात आणि उष्णतेत टिकणारं चिवट प्रथिन आहे, ते वरच्या पाण्यात स्वच्छ राहतं. फिरवलं, वरचं पाणी घेतलं, त्याच बफरमध्ये डायलिसिस. या वेळी थंड कपाटात नाही, थर्मोकोलच्या पेटीत बर्फ भरून माझ्या टेबलाखाली, आणि मी खुर्चीत.

14 मे

9760.

वहीत एवढंच लिहायचं होतं. पण हेही लिहिते, की सरांनी आकडा पाहून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि "चहा सांग" म्हणाले. एकूण 1.4 मिलिग्रॅम. वीस-वीस मायक्रोलिटरच्या नळ्या भरल्या.

16 मे

डब कुठून आणायचे? पेशी वाढवायची सोय इथे नाही. सरांची कल्पना: बोकडाचा भेजा. मेंदूत यूसीएचएल-1 नावाचा डब इतका असतो की विरघळणाऱ्या प्रथिनांत एक-दोन टक्के तोच. शंभरातल्या इतर डबांना शोधायला भिंग लागतं, हा सगळ्या प्रथिनांना लागणाऱ्या नुसत्या निळ्या रंगातही दिसावा. दिसायलाही विचित्र प्राणी आहे: त्याची साखळी स्वतःमधून ओवली जाऊन खरोखरीची गाठ बनते, पाच छेदांची. ही घडी घालताना साखळीला काय सुचतं कोण जाणे.

आणखी एक गोष्ट, जी या प्रकल्पाच्या मर्मावर आहे. यूसीएचएल-1 एकटा असताना त्याचं काम करणारं सिस्टीन, 90 क्रमांकाचं, आणि त्याला मदत करणारं हिस्टिडिन, 161 क्रमांकाचं, एकमेकांपासून लांब असतात. तोंड फिरवून बसलेले. युबिक्विटिन येऊन बसलं की साखळीतून धक्का आतपर्यंत पोचतो आणि दोघं समोरासमोर येतात. म्हणजे भजं दिसल्याशिवाय हा हातच हलवत नाही. छोटा रासायनिक रेणू नुसता टाकून त्याची परीक्षा घेतली तर नापास वाटेल. पूर्ण युबिक्विटिनचा प्रोबच पाहिजे.

19 मे

मटण मार्केट, सकाळी सात. चाचांना एक ताजा भेजा मागितला, थर्मासमध्ये बर्फ घालून नेला होता. "बेटा, फ्राय करना है तो बर्फ में क्यों डालती?" काय सांगणार.

लॅबमध्ये बर्फावर घोटला. शेजारच्या टेबलावर तयार लायसिस बफर (पेशी फोडायचा द्रव) होता, घाईत तोच घेतला. प्रोब घातला, अर्धा तास 37 ला, जेल, यूसीएचएल-1 ची अँटिबॉडी.

खालच्या जागी, 25 किलोडाल्टनच्या जरा वर, ठसठशीत पट्टी. वर 35 ला काही नाही. काहीच नाही.

20 मे

काल रात्री झोप नाही. 9760 खोटं कसं असेल?

सकाळी शेजारच्या टेबलावरची बाटली उलटी करून लेबल वाचलं. त्या बफरमध्ये एन-इथाइलमॅलिमाइड आहे. ती मुलगी युबिक्विटिनच्या साखळ्यांवर काम करते. अर्क काढताना डबांनी साखळ्या तोडू नयेत म्हणून ती सगळ्या सिस्टीनांना आधीच मारून टाकते. तिच्यासाठी डब चोर, माझ्यासाठी पाहुणे. आणि मी चोरांच्या कोठडीत पाहुण्यांना जेवायला बोलावलं होतं.

नवा बफर: ट्रिस पीएच 7.4, मॅग्नेशियम क्लोराइड 5 मिलिमोलर, साखर 250, डीटीटी 1. बाटलीवर लाल शाईने नाव, खाली 'हात लावू नये'.

21 मे

दोन पट्ट्या.

खाली 25 ला, वर 35 ला. वरची नेमकी तिथेच, जिथे असायला हवी: यूसीएचएल-1 चे सुमारे 25 आणि प्रोबचे 9.8. शेजारच्या रांगेत प्रोब न घालता: फक्त खालची. तिसऱ्या रांगेत आधी मॅलिमाइड आणि मग प्रोब: फक्त खालची. चौथ्या रांगेत आधी उकळून मग प्रोब: फक्त खालची. एका अँटिबॉडीत दोन्ही हिशोब. खालची हजेरी लावलेली, वरची कामावर. परवाची चूक आता माझ्या तिसऱ्या रांगेचा पुरावा झाली.

एचएच्या अँटिबॉडीने दुसरा कागद लावला तर वर आणखी काही फिकट पट्ट्या: 100 च्या आसपास एक, 60 च्या जवळ दुसरी. त्या कोण ते आज विचारत नाही.

आप्पांना फिल्म दाखवली. "हाई काय शे व माय?" उंदीर, म्हटलं.

27 मे

आज जे झालं ते ठरवून झालं नाही. सकाळी भेजा घेतला, पण थर्मास घरी विसरले. कॅरीबॅग स्कूटीच्या डिकीत टाकली आणि आधी बँकेत जावं लागलं, तिथे रांग. दोन तास. बाहेर 43. बफरची बाटलीही संपत आली होती, डीटीटीचा ताजा द्रव नव्हता, तसाच घोटला.

खालची पट्टी भरपूर. वरची अंधुक. 21 तारखेला वर निम्मं होतं, आज जेमतेम पाव.

एकूण यूसीएचएल-1 तेवढाच आहे. नुसत्या अँटिबॉडीने पाहिलं असतं तर दोन्ही भेजे सारखेच ठरले असते.

31 मे

सरांना दाखवलं, हात थरथरत होते. वाटलं आता पेपरच. सरांनी दोन्ही फिल्म खिडकीला धरल्या आणि विचारलं, "चांगल्या नमुन्यात निम्मंच वर का गेलं?"

मी म्हटलं, निम्मेच कामावर असतील.

"प्रोब किती घातलास?"

मग फळ्यावर हिशोब. अर्कात 40 मायक्रोग्रॅम प्रथिन. त्यातलं दीड टक्का यूसीएचएल-1 धरलं तर 0.6 मायक्रोग्रॅम, म्हणजे 24 पिकोमोल. प्रोब मी 0.2 मायक्रोग्रॅम घातला होता, म्हणजे 20 पिकोमोल. त्यातून इतर डबही वाटेकरी. पंगतीत चोवीस पानं मांडली आणि लाडू वीस आणले, वर म्हणायचं चार जण जेवले नाहीत. पद्धतीतला आकडा मी उचलला होता तो साध्या पेशींच्या अर्काचा. तिथे यूसीएचएल-1 एवढा नसतो. मेंदूत प्रोबच कमी पडतो.

सरांचं 'बरं' आज उलगडलं. त्यांना हा प्रश्न फेब्रुवारीपासून विचारायचा होता बहुतेक.

4 ते 9 जून

एकच भेजा, बर्फावर दोन भाग. 'अ' लगेच घोटला, डीटीटीसह. 'ब' दोन तास स्कूटीच्या डिकीत, बाहेर 42, मग डीटीटीशिवाय. दोन्हीत प्रोब 0.2, 0.5, 1 आणि 2 मायक्रोग्रॅम.

'अ' मध्ये प्रोब वाढवत गेलं तशी खालची पट्टी ओसरत गेली. 1 मायक्रोग्रॅमला जवळजवळ सगळं वर, 2 ला फरक नाही. संगणकावर मोजलं तर नव्वद टक्क्यांच्या आसपास.

'ब' मध्ये 0.5 नंतर पट्टी जागची हलली नाही. 2 मायक्रोग्रॅम घालूनही निम्म्याहून जास्त खालीच. आता लाडू भरपूर आहेत, हे खरोखरच जेवत नाहीत.

तीन वेगवेगळ्या भेज्यांवर केलं. आकडे थोडे हलले, चित्र तेच. चाचा आता मला पाहून न विचारता कवटी फोडायला घेतात.

12 जून

पाऊस. पहिला. लॅबच्या पत्र्यावर इतका आवाज की सर फोनवर ओरडत होते.

दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, हे माझ्या लक्षात यायला आठवडा लागला: डिकीतली उष्णता आणि डीटीटी नसणं. आता चार भाग: थंड आणि डीटीटी, थंड पण डीटीटी नाही, गरम आणि डीटीटी, गरम आणि डीटीटी नाही. डिकी आता तापत नाही, म्हणून 42 अंशाचा वॉटरबाथ.

थंडात डीटीटी नसेल तर थोडी घट. गरमात डीटीटी असूनही घट. दोन्ही एकत्र आले की सगळ्यात वाईट. कोणाचा वाटा किती ते एवढ्यावरून ठरवणार नाही.

19 जून

'ब' मेलाय की रुसलाय? सिस्टीनच्या गंधकाला हवेतला ऑक्सिजन लागला तर पहिली पायरी परतवता येते, पुढच्या पायऱ्या नाहीत. 'ब' च्या अर्काला 10 मिलिमोलर डीटीटी, बर्फावर अर्धा तास, मग प्रोब.

वरची पट्टी वाढली. निम्म्याखालून दोन तृतीयांशाच्या जवळ. बाकीचं आलं नाही. म्हणजे काही रुसलेले होते, काही खरंच गेलेले. डीटीटी एवढं घालताना प्रोबची भीती वाटली नाही, कारण अल्काइन आहे. फेब्रुवारीतल्या भांडणाची वसुली झाली. सरांना बोलून दाखवलं नाही.

यूसीएचएल-1 वर ऑक्सिजनचा मारा ही नुसती स्कूटीच्या डिकीतली गोष्ट नाही. पार्किन्सन आणि अल्झायमर झालेल्यांच्या मेंदूत तो ऑक्सिडाइझ झालेला सापडल्याचं 2004 मध्ये छापून आलंय. 1998 मध्ये एका जर्मन कुटुंबातल्या पार्किन्सनशी त्यातला एक बदल जोडला गेला होता, त्यावर नंतर बराच वाद झाला. माझा बोकडाचा भेजा त्या वादात साक्ष द्यायला जाणार नाही. पण 'प्रथिन आहे' आणि 'प्रथिन चालतंय' हे दोन स्तंभ वेगळे लिहावेत, एवढं आमच्या वहीत आता छापील आहे.

2 जुलै

पपईचा किडा. घरी जाऊन आले. एसटी सावळद्याच्या पुलावर थांबली होती, तापी गढूळ आणि भरलेली. पहाटे कच्च्या फळांना चिरा देऊन चीक धरला, बर्फात आणला.

प्रश्न असा: पपेनही सिस्टीनवाला, 25 क्रमांकाचं. प्रोब नुसत्या सिस्टीनला भुलत असेल तर पपेनलाही चिकटेल. चिकटला नाही तर बरं.

चिकात डीटीटी घातलं, दूध पावडरच्या पातळ पाण्यात थेंब टाकला, पाच मिनिटांत पाणी निवळलं. पपेन जिवंत. मग प्रोब. एचएच्या अँटिबॉडीने पाहिलं तर कागद कोरा. पपेनच्या जागी काही नाही हे ठीक, पण मोकळा प्रोबही कुठे नाही! गेला कुठे?

3 जुलै

तोच जेल निळ्या रंगात. खाली प्रोबची पट्टी आहेच, फक्त किंचित अजून खाली. पपेनने एचए टॅग खाल्ला. टॅग लोंबता असतो, युबिक्विटिनचं अंग घट्ट विणलेलं, ते त्याला चावलं नाही. अँटिबॉडी ज्याला ओळखते तेच नाहीसं झाल्यावर कागद कोराच राहणार.

शेपटीही लोंबतीच असते, आणि आकडा तिच्या टोकाला. तीही कुरतडली गेली असेल तर 'पपेनला प्रोब चिकटत नाही' हे म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. सर म्हणाले हा प्रयोग अहवालात घालू नको. वहीत राहू दे.

हाताची खाज दोन दिवस गेली नाही.

22 जुलै

अहवाल लिहायला बसले. 100 जवळची ती फिकट पट्टी कोणाची, यासाठी प्रोबने धरलेलं एचएच्या मण्यांवर ओढून पुन्हा पुण्याला पाठवायचं आहे. पैसे पुढच्या हप्त्यात. कदाचित यूएसपी-5 नावाचा डब असेल, वजन तसं जुळतं. वजन जुळलं म्हणून नाव देत नाही.

5 ऑगस्ट

कानबाईच्या सणाला घरी गेले होते, काल विसर्जन झालं. आज परत.

प्रोबच्या 31 नळ्या उरल्या. बर्फाच्या पेटीवर आप्पांनी स्वतःच्या हाताने कागद चिकटवलाय: 'उंदीरना सापळा. लाईट गई तं बर्फ टाकजो.'

येताना मटण मार्केटवरून आले. थर्मास काढायच्या आत चाचांनी खालून डबा काढला, बर्फात पुरलेला. "सुबह छह बजे से रखा है. गरम नहीं हुआ, देख ले."